पुसला गेलेला चेहरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी माझा दमासुद्धा लपवू शकलो नव्हतो.

नंदुरबारला माझं फोटोचं दुकान होतं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. फोटो काढायचा म्हणजे समोरच्याला सांगायचं, हलू नका, श्वास धरा. आणि मला स्वतःला तो धरता येत नसे. छातीत भाता सुरू झाला की तिकाटण्यावरचा कॅमेरासुद्धा हलायचा. मग मी शिकलो — दोन खोकल्यांच्या मधली जागा शोधायची आणि तेवढ्यात भिंगाचं झाकण उघडून मिटायचं. लोक म्हणत, हात काय सुरेख आहे. हात कसला? वाट पाहणं होतं ते.

दुकानामागे नगीनशेठची मिरच्या वाळवायची पथारी. हिवाळाभर लाल मैदान. वारा फिरला की मिरचीच्या धुळीचा खकाणा थेट माझ्या फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत. एकदा गेलो, म्हटलं, शेठ, माझ्या भिंतीलगतची एवढी पट्टी मोकळी ठेवा. हमालांसमोर ते म्हणाले, "तुन्हासाठे मी मिरच्या सावलीमा वाळाले टाकू का?" सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणाल, तर खऱ्याच झोंबल्या होत्या. पण ते हसणं जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी मिरच्या भिंतीला टेकल्या.

त्या दिवसापासून मी त्यांना पाण्यात पाहत आलो. दम्यावर उतारा म्हणून धोतऱ्याच्या पानांचा धूर घेत रात्र काढायची आणि शेठचं काय करता येईल ते मनात घोळवायचं. तुम्ही केलंय कधी असं? फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांची मुलगी तापाने गेली. एकुलती. तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून नेण्याआधी मला बोलावलं. आईने तिला मांडीवर बसवून मागून धरलं होतं, केस विंचरले होते. मी काळ्या कापडाखाली शिरलो आणि — हे सांगताना जीभ जड होते — मला श्वास मोकळा आला. घरात सुतक, म्हणून पथारी बंद होती. हवा स्वच्छ होती. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. मुलगी झोपली आहे असंच वाटे.

सुतक फिटलं, पथारी पुन्हा सुरू झाली. त्याच दिवशी मी तो मूळ काचेवरून, म्हणजे निगेटिव्हवरून, कागदावर छापत होतो. खकाणा आला, छाती आवळली, जमिनीवर बसलो. आणि डोक्यात आलं — आता. कागद हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, काढल्यावर वाहत्या पाण्यात भरपूर धुवावा लागतो. नाही धुतला तर हायपो आत राहतो, आज काहीच दिसत नाही, पण काही पावसाळ्यांनी चित्र पिवळं पडतं, विरतं. उजळ भाग आधी जातो. म्हणजे चेहरा.

मी एकदा पाण्यात बुडवला आणि वाळत घातला. चूक झाली नाही. केलं. तो चौकटीत बसवून शेठच्या हातात देताना मला गोड वाटलं. जसा माझा श्वास थोडा थोडा गेला, तशी तुमची पोरगीही थोडी थोडी जाईल — असं मनात म्हणालो होतो.

फोटो टांगला त्या भिंतीकडे शेठने कधी पाहिलं असेल? मला नाही वाटत. सूड ज्याच्यावर घ्यायचा त्याला तो कळलाच नाही.

काही वर्षांनी शेठाणी आली. चौकट पदराखाली. त्यात साडी होती, आईचे हात होते, मुलीच्या चेहऱ्याच्या जागी पिवळा डाग. "भाऊ, मन्ही पोरनं तोंड दिखत नही. तुमनाकडे काच व्हई ना?"

काच तिच्या मागच्या फळीवर होती. तिच्यावरून नवा फोटो संध्याकाळपर्यंत झाला असता. मागच्या दारातून खकाणा येत होता, मी खोकत होतो — आणि मी म्हणालो, "काच फुटी गयी, भाभी."

ती रडली नाही. चौकट तिने परत पदराखाली घेतली. मग हळूच म्हणाली, "रोज हात फिराऊ मी तिना तोंडवर. मन्हाच हातखाल पुसाई गयं ना ते?"

चौकटीत चित्राच्या वर तर साधी काच बसवलेली होती. हात कागदापर्यंत पोचतच नव्हता. हे मला ठाऊक होतं. तिला सुचलं नाही.

मी होय म्हणून मान हलवली.

पुढे कळलं, तिने चौकट भिंतीवर परत लावली, पण तिला कधी हात लावला नाही. शेठाणी आता नाही. फळीवरची काच मी अधूनमधून उजेडाला धरतो. मुलगी अजून स्पष्ट आहे.