तिकिटावरची तारीख

धानोऱ्याच्या आमच्या शाळेत मी टपाल तिकिटांचं प्रदर्शन मांडलं होतं. झेंड्याचं चित्र असलेल्या तिकिटाखाली मोठ्या झोकात चिठ्ठी लावली होती: 'स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, निघालं १५ ऑगस्ट १९४७ रोजी.' तिकिटावरच ती तारीख छापलेली आहे, मग शंका कशाला?

एक म्हातारा आला. खांद्यावर दुपट्टा, चपला दाराबाहेर काढलेल्या. जन्मभर जंगलातल्या गावांत टपाल वाटलेला माणूस. तिकिटांची चित्रं सोडून तो नुसते शिक्के बघत होता, ओठ हलवत एकेक तारीख वाचत होता. झेंड्यापाशी थांबला.

"गुरुजी, हे नोव्हेंबरात निंगालं. एकवीस तारखेले."

"अहो, ऑगस्ट छापलंय की त्यावर!"

"छापल्यानं का होते? शिक्क्याची तारीख पाहा लागते. ऑगस्टचा शिक्का असलेलं एक तरी पाकीट दाखवा मले."

माझ्याकडे नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर त्याचंच खरं निघालं. मी जरा चिडूनच म्हणालो, "छापील तारखेवर तुमचा एवढा राग का?"

त्यानं खिशातून आधार कार्ड काढलं.

"यावर माहा जन्म एक जुलैचा हाये. शाळेत घातलं तवा मास्तरनं लिवला. माय सांगे, मोहफुलं वेचता वेचता झालो मी. जुलैत मोहफुलं कुठी असते जी?"

तो गेल्यावर तिकिटाखालची चिठ्ठी मी बदलली. मग मुलांच्या जन्मतारखा लिहिलेलं शाळेचं दाखलखारीज रजिस्टर उघडलं. पानामागून पान एक जुलै, आणि अक्षर माझंच.