मामेसासऱ्यांनी काढलेली माणसं

अख्ख्या जालना जिल्ह्यात लोकांकडे टक लावून बघूनही मार न खाल्लेला एकच माणूस असेल, तो म्हणजे अंबडचे माझे मामेसासरे. शाळेत चित्रकला शिकवण्याची नोकरी संपली आणि त्यांना माणसं काढायची चटक लागली. बसमध्ये तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला ते "मान जरा डावीकडं" म्हणून सांगायचे आणि तोही बिचारा मान वळवायचा. पुतणीला बघायला आलेल्या मुलाची शेती, नोकरी सगळ्यांनी खोदून विचारली; मामांनी फक्त त्याचे कान फार सुरेख असल्याचं जाहीर केलं.

पण त्यांचा खरा जीव, ज्यांना बघून लोक नजर वळवतात, अशा माणसांवर. केदारखेड्याचे भाजीवाले काका आधी आपली हाताने चालवायची अपंगांची तीनचाकी सायकल धुऊन, मग स्वतः दाढी करून चित्राला बसायला आले. मामांनी अर्धी सकाळ सायकलच्या चाकावरच घालवली.

राजूरला देवळाबाहेर दुर्वा-फुलं विकणाऱ्या एका बाईंच्या वेळी मात्र पेच पडला. बाईंचा एक पाय लहानपणापासून अधू. भावाचं म्हणणं, कुबडी तेवढी गाळा. चित्र आमच्या बैठकीत लागणार, माझ्या पोरीची सोयरीक चालू आहे. मामा बाईंकडे बघत राहिले. बाईंनी पदर सारखा केला.

"कुबडी काढल्यावर मी उभी कशी ऱ्हाईन? निदान चित्रात तरी मला पाडू नका."

भाऊ रुसून निघून गेला. चित्र कुबडीसकट झालं आणि बैठकीत लागलंही. पाहुणे चहा विसरून त्यापुढे उभे राहिले, या कोण म्हणून विचारू लागले. तेव्हा भावाने आत जाऊन बहिणीला बाहेर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. सोयरीक जमली. तिचं श्रेय मामा अजून कुणाला घेऊ देत नाहीत.

गेल्या वर्षी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. मी भेटायला गेलो, तर समोर आरसा टेकवून डाव्या हाताने स्वतःचंच चित्र चाललेलं. उजव्या हातावर शाल घेतली तर बरं दिसेल, असं मी आपलं सुचवलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "ह्याच हातानं सगळे काढले. आता त्यालाच झाकू?"

डाव्या हाताच्या रेघा थरथरत होत्या. तरी मांडीवर निपचित पडलेला उजवा हात कागदावर नखांसकट पुरा झाला होता. चेहऱ्याला अजून सुरुवात नव्हती. आरसा सारखा घसरत होता, म्हणून मी तो हातात घेऊन त्यांच्यासमोर बसलो.