बाबा हॉलमध्ये आले की बॉल सुटतो

आमच्या खारघरच्या घरातून रविवारी सकाळी कुणी किंचाळलं, तर शेजारी आता दार उघडून बघत नाहीत. सुरुवातीला बघायचे. एकदा समोरच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊनच धावत आल्या. त्यांना वाटलं, माझ्या सासूबाईंना चक्कर आली. आईंना काही झालं नव्हतं. आमच्या गड्याने बॉल पकडला होता.

हा गडी खरा नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कळलं की लोक चिडतात. इंटरनेटवर अमेरिकन फुटबॉलची एक लुटुपुटूची लीग आहे. हेल्मेट घालून, लांबट बॉल काखेत मारून पळतात ना, तो फुटबॉल. तिथे देशोदेशीचे लोक एकेक खेळाडू तयार करतात. आपण दर आठवड्याला काहीतरी लिहायचं, मॅचचा वृत्तांत म्हणा, आपल्याच खेळाडूची खोटी मुलाखत म्हणा, त्याचे पॉइंट मिळतात. ते पॉइंट त्याच्या वेगात, उडीत, हातात घालायचे. मॅच मात्र कॉम्प्युटर खेळतो, त्यात आपल्याला काही लुडबुड करता येत नाही. पडद्यावर हिरवं मैदान, त्यावर कॅरमच्या सोंगट्यांसारखी गोल गोल माणसं, आणि त्यातली एक आपली. एवढ्यावर मी वेडी झाले.

शाळेत मी खो-खो खेळायचे. म्हणून खेळाडूची जागा निवडायची वेळ आली तेव्हा वाइड रिसीव्हर निवडला. हा पार कडेला उभा असतो. इशारा झाला की सुसाट सुटतो, अंगावर आलेल्याला चकवतो आणि मागून डोक्यावरून येणारा बॉल पळता पळता झेलतो. पहिल्या सीझनला मी सगळे पॉइंट वेगातच ओतले. गडी असा पळायचा की बॉल बिचारा मागे राहायचा! आमच्या टीमचा मॅनेजर कुठल्यातरी बर्फाच्या देशातला शाळामास्तर आहे. त्याने मला लिहिलं, बाई, त्याला हातही द्या. दिले. पुढे हाच गडी लीगमधल्या सगळ्यात चांगल्या झेलणाऱ्यांत गणला गेला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे विचारलं तर सांगितलं, घरात एकाचं प्रमोशन झालंय.

तिकडे शनिवारची रात्र असते तेव्हा आमच्याकडे रविवारच्या पोह्यांची वेळ. त्यामुळे हळूहळू सगळं घर माझ्या लॅपटॉपपुढे जमायला लागलं. आधी नवरा आला, मग आई आल्या, आणि सगळ्यात जास्त पेटले ते बाबा, म्हणजे माझे सासरे. मूळचे साताऱ्याकडचे, सगळी नोकरी वाशीच्या मार्केटात गेली, आणि कबड्डी म्हणजे जीव की प्राण. मी त्यांना नियम एकदा समजावले. दुसऱ्या दिवशी ते खाली बाकावर बसून सोसायटीतल्या आजोबांना समजावत होते. 'गडी' हे नावही त्यांचंच.

आणि याच बाबांना आम्ही हॉलमधून हाकललं. झालं असं की ते आले त्या पहिल्याच मॅचला पोह्यांची बशी घेऊन सोफ्यावर बसले आणि गड्याच्या हातून बॉल सुटला. ते लिंबू आणायला आत गेले, गड्याने झेलला. परत आले, सुटला. आई एवढंच म्हणाल्या, "तुमी जरा गॅलरीत जाता का?" बाबा गेले आणि गड्याने असा काही झेल घेतला की ज्याचं नाव ते! झालं, शिक्का बसला. तेव्हापासून मॅच लागली की बाबा गॅलरीत, डोंगराकडे तोंड करून उभे. आतून आरडाओरडा झाला की ग्रिलमधून विचारायचे, "घावला का?" आम्ही सांगायचो, घावला. मग ते पुन्हा डोंगराकडे वळायचे.

यातला वेडेपणा मला कळत नव्हता असं नाही. क्रिकेटच्या वेळी घरोघरी हेच चालतं, पण तिथे निदान मॅच चालू तरी असते. आमची मॅच कॉम्प्युटरने आधीच खेळून ठेवलेली असते, आम्हाला फक्त दाखवतात. म्हणजे जो निकाल कधीच लागून गेला, तो बिघडू नये म्हणून आम्ही एका धडधाकट माणसाला उन्हात उभं करत होतो. मी हे नवऱ्याला सांगितलं की तो म्हणायचा, "माहितीये गं, पण रिस्क कशाला?" आणि खरं सांगायचं तर गडी झेलत होता तोवर मीही गप्प बसायचे.

पण या लीगमध्ये खेळाडूंनाही वय असतं. ठराविक सीझन झाले की दर वर्षी त्याचा थोडा वेग, थोडी उडी कापून घेतात. मी लिहून लिहून बोटं झिजवली, पण जितके पॉइंट मी घालायचे त्याहून जास्त ते काढायचे. हा त्याचा शेवटचा सीझन होता. आणि नेमक्या याच सीझनला, आजवर एकही कप न जिंकलेली आमची टीम फायनलला पोचली. फायनल झाली की गडी रिटायर. हे बाबांना आम्ही सांगितलं नव्हतं. मार्केट सुटल्यावर ते महिनाभर पहाटे उठून कपडे करून बसायचे, जायचं कुठेच नसायचं. तेव्हापासून तो शब्द आम्ही त्यांच्यापुढे जपूनच काढतो.

फायनलच्या सकाळी आईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. मॅच लागली. बाबांनी आज गॅलरीवर भागवलं नाही, चपला घातल्या आणि दाराबाहेर लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. "आज जरा लांबच बरा," म्हणाले. मॅच अशी रंगली की पोहे तसेच गार झाले. कधी ते पुढे, कधी आम्ही. शेवटी आम्ही चार पॉइंटनी मागे, वेळ संपत आलेली, बॉल आमच्याकडे. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जो पट्टा असतो, त्यात आमच्यापैकी कुणी झेलला की सहा पॉइंट, म्हणजे कप आमचा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या या माणसाने गड्याला एकदाही झेलताना पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी एवढे उपास-तापास केल्यासारखा तो उभा राहिला, आणि आता पाहिलं नाही तर कधीच पाहणार नाही. माझं डोकंच फिरलं. मी लॅपटॉप उचलला.

"अगं, कुठे?" नवरा ओरडला.

"बाबांनी हॉलमध्ये यायचं नाही, एवढंच ठरलंय ना? मग मॅच बाहेर नेते."

"विषाची परीक्षा कशाला बघतेस?" आई म्हणाल्या, पण मागोमाग आल्याच. आमचं वायफाय दाराबाहेर जेमतेम पोचतं, म्हणून लॅपटॉप चपलांच्या रॅकवर ठेवला आणि बाबांना हाताला धरून समोर उभं केलं. ते मान फिरवायला लागले.

"न्हाय पोरी, माझ्यापायी घालवू नगंस."

"बघा म्हटलं ना!" मी चक्क सासऱ्यांवर खेकसले.

बॉल उडाला. आमचा गडी सुटला, वळला, बॉल हाताला लागला आणि निसटला. नवऱ्याने नुसतं बाबांकडे पाहिलं. बाबा जिन्याच्या दिशेने निघाले. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. अजून एक डाव बाकी होता.

पुन्हा बॉल उडाला. ती सोंगटी कडेने निघाली, पूर्वीसारखी सुसाट नाही, वयाच्या मानाने. दोघं तिच्यामागे. पट्ट्यात तिन्ही सोंगट्या एकमेकींवर चढल्या. आणि मग पडद्यावर झेल घेणारा म्हणून आमच्या गड्याचा नंबर झळकला.

आम्ही जे ओरडलो! समोरच्या काकूंचं दार बऱ्याच दिवसांनी उघडलं. आई नाचत होत्या, नवरा लिफ्टच्या दारावर थापा मारत होता, तिकडून शाळामास्तर चॅटवर नुसती अक्षरं बडवत होता. मी रडत होते. बाबा मात्र पडद्याला नाक लावून उभे.

"असा झेलतोय व्हय!" ते म्हणाले. मग ताठ झाले आणि सगळ्यांना दरडावलं, "फुडच्या सीझनला म्या सोफ्यावर बसणार. कुनी उठवायचं न्हाय."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी मीच बोलले.

"बाबा, पुढचा सीझन नाही त्याला. ही शेवटचीच मॅच होती."

बाबांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, परत घातला.

"आन् तरी मला बोलावलंस?" त्यांनी विचारलं. "सुटला असता म्हंजी?"

"तर सुटला असता," मी म्हटलं. "पण तुम्ही असता ना."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पडद्यावरचा तो नंबर जाईपर्यंत तसाच ठेवला.