वाटणीत गेलेला खुनी

घराची वाटणी झाली तेव्हा फणस, काजूची बाग आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. थोरल्या जावेकडे विहीर गेली, आणि विहिरीबरोबर खुनी गेला.

खुनी म्हणजे दोरीवाला. त्याचं खरं नाव गावात कोणी घेत नाही. सासूबाई परकरात होत्या त्या काळात हा माणूस बाजारातून ओझं घेऊन परतणाऱ्या एकट्यादुकट्याला आमच्या मागच्या पाणंदीत गाठायचा. मागून येऊन गोड आवाजात विचारायचा, "वझा जड झाला काय?" समोरचा हो म्हणाला की ओझं उतरवून घ्यायचा आणि त्याच ओझ्याच्या दोरीने... (पुढचं गाळते, कोणी जेवताना वाचत असेल.) मग माणूस आमच्या विहिरीत. दोरीवाला पकडला गेला, तुरुंगात मेला, पण गावाचं म्हणणं असं की तो खरा कामाला लागला तो मेल्यावरच. अवसेला विहिरीचा दोर आपोआप ताणला जातो. पाणंदीत मागून आवाज येतो, "वझा जड झाला काय?" त्याला काही झालं तरी उत्तर द्यायचं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मीठमसाल्याचे डबे दाखवायच्या आधी मला हे सांगितलं गेलं होतं.

म्हणून वाटणीच्या दिवशी मी ह्यांना कोपराने ढोसलं. "ती विहीर माका नको. वैनीच्या वाट्याक जावंदे." वैनींनी मुकाट्याने घेतली. मला त्यांची दयासुद्धा आली. ती दया मला अजून नडते आहे.

कारण पुढे पर्यटक आले. समुद्र बघून आणि सुरमई खाऊन झाली की या लोकांना संध्याकाळी काय करावं कळत नाही. वैनींनी विहिरीशेजारी खोल्या बांधल्या आणि दिवेलागणीला पाहुण्यांना कठड्यावर बसवून दोरीवाल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आणि सांगतात कशा! आवाज खाली नेत नेत "वझा..." एवढंच म्हणतात, थांबतात, आणि शांतपणे सोलकढीचा पेला पुढे करतात. पाहुणी किंचाळते आणि जाताना पुढच्या सुट्टीसाठी खोली सांगून जाते.

खोली आम्हीही बांधली होती. चांगली हवेशीर, मच्छरदाणीसकट, भिंतीला आरसा. त्या खोलीत तोवर एकच जीव मुक्कामाला राहिला होता, आणि ती सासूबाईंची गाभण मांजर होती.

मी जळत होते. उगाच साळसूदपणा कशाला करू, जळत होते. वैनींच्या अंगणात गाडी वळल्याचा आवाज आला की माझी तव्यावरची भाकरी करपायची. ह्यांनी समजूत घातली, "अगो, आपल्याकडे काजू आसत."

"काजूक कोण भियता?" मी म्हटलं.

मे महिन्यात एकदा वैनींकडच्या खोल्या भरल्या, म्हणून त्यांनी पुण्याचं एक जोडपं आमच्याकडे पाठवलं. (उपकार! तेही गोड हसून!) बाईंनी खोली बघितली, आरसा बघितला, आणि पडलेल्या चेहऱ्याने विचारलं, "इथे काहीच घडलं नव्हतं का हो?"

माझ्या खोलीचा पहिला पाहुणा, आणि तोही वैनींच्या विहिरीकडे मान वळवून बसलेला. "नाही कसं?" माझ्या तोंडून गेलं. "काकणवाली आहे ना आमच्याकडे."

काकणवाली ही दोरीवाल्याने मारलेली शेवटची बाई. गावोगाव बांगड्या भरत हिंडायची. तीही विहिरीतलीच, म्हणजे हिशेबाने वैनींची. पण वैनींकडे भुतं भरपूर होती. एक इकडे वळवलं तर त्यांचं काय बिघडणार होतं? मी सांगून टाकलं, की बिचारी त्याच्या हातून सुटून पळाली, आमच्या फणसाखाली लपली आणि तिथेच गेली. वारा सुटला की अजून तिच्या बांगड्या वाजतात. पाहुणे आंघोळीला गेले तेवढ्यात मी शिडी लावून माझ्या जुन्या काचेच्या बांगड्या सुतळीने फणसाला बांधून आले. संध्याकाळी खाडीकडून वारा आला. किणकिण झाली. बाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि म्हणाल्या, "आपण इथे आठवडाभर राहू या." त्या दिवशी माझी एकही भाकरी करपली नाही.

सकाळी बाईंनी चहा पिता पिता सासूबाईंना विचारलं, "आजी, त्या काकणवालीच्या बांगड्या तुम्हालाही ऐकू येतात का?"

सासूबाईंच्या हातातली बशी खाली गेली. "ती हयसर इली?" त्या पुटपुटल्या. "माज्या आवशीच्या हातात तीच काकणां भरी गो. बापडीक आजून चैन नाय?" आईच्या बांगड्या आठवून त्यांचे डोळे भरले. मला पहिल्यांदाच जरा कसंतरी झालं. पण बाईंनी मोबाईल काढला होता आणि त्या शूटिंग करत होत्या. आता मी काय सांगणार?

सासूबाई चपला घालून गेल्या त्या गावचे मानकरी दाजी, निम्मी वाडी आणि एक कोंबडा घेऊन आल्या. मागोमाग वैनी, हातात स्वतःच्या माडाचा नारळ. "सुनंदा, माका कित्या सांगूक नाय गो? एकटीच भियत रवलंस?" इतक्या मायेने म्हणाल्या की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दाजींनी फणसाखाली नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे गाऱ्हाण्याचं एकेक वाक्य झालं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, नाहीतर ते देवाला पोचत नाही. पाळण्यात असल्यापासून आम्हाला ही सवय. डोकं झोपलेलं असलं तरी तोंड म्हणतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत वैनींचा आवाज खणखणीत. माझं अंगण, माझा फणस, माझं भूत, आणि पुढे पुढे करणार ह्या? मी आवाज चढवला.

"ह्या घरच्या लेकराबाळांनी जो नारळ ठेवल्यानी, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी माझा वर. वैनींनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी छाती भरून घेतली. दाजी काय म्हणतात इकडे माझं लक्षच नव्हतं. ते थांबले की आपण पहिलं ओरडायचं, एवढंच मनात होतं.

"ह्या काकणवालीक हयसून उठव, आणि थोरल्या सुनेच्या विहिरीकडे, जयसर तिची मूळ जागा आसा, थयसर नेऊन ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. एकटीच. बाकीचे माझ्या आवाजाने दचकले होते.

वैनींनी हात जोडले. "येवंदे बापडी. माज्याकडे जागा आसा."

पुण्याच्या बाईंनी मोबाईल खाली घेतला. "म्हणजे आता ती तिकडे असणार?" आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, बॅग भर." वैनींकडे खोली नव्हती, तर पडवीत झोपायला तयार झाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण सासूबाईंना फणसावर बांगड्या दिसल्या. "तिची काकणां रवली गो! तिका पोचव जा." ह्यांनी शिडी आणली. (माझ्याकडे एकदा बघितलं. सुतळी ह्यांचीच होती.) पुण्याच्या बाईंची कंबर धरलेली, त्यांचे यजमान शूटिंगमध्ये, तेव्हा बॅगही माझ्याच डोक्यावर आली. अशी मी भर उन्हात पाणंदीतून निघाले. डोक्यावर माझे पाहुणे, म्हणजे त्यांची बॅग, हातात माझ्याच बांगड्या, आणि मनात वैनींच्या खोल्या, वैनींची विहीर, वैनींची दोन दोन भुतं.

अर्ध्या वाटेत मागून गोड आवाज आला, "वझा जड झाला काय?"

दचकून वळून पाहिलं. वैनी होत्या. बॅग घ्यायला हात पुढे केलेला. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे मला या घरात पाऊल टाकल्यापासून पाठ आहे. पण तोंडाला सवय दुसरीच.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.