दुसरी सीडी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझ्या ताईचं लग्न ठरलं. मी तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. ब्राह्मणपाऱ्यात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपायचो आणि तिची कोणतीच गोष्ट मला माहीत नाही असं तोवर नव्हतं.

मुलगा आमच्यासारखाच मूळचा नागपूरचा, पण रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात इंजिनिअर. दर रविवारी दुपारी तो मोटारसायकलवर यायचा. धुतलेल्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरही लोखंडाची काळपट रेघ असायची. आई त्याला ‘जवाईबापू’ म्हणायची. मी जिजाजी म्हणावं असं सगळ्यांना वाटायचं. मी मुद्दाम ‘भैया’ म्हणायचे. तो हसून ‘हां दीदी’ म्हणायचा, आणि त्याचा राग मला अजूनच यायचा.

एका रविवारी त्यानं जुना, काळ्यापांढऱ्या रंगातला प्रेमाचा सिनेमा आणला. एका पाकिटात दोन सीड्या. आईबाबा खुर्च्यांवर बसले, मी सतरंजीवर. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तो समोरच्या स्टुलावर.

सिनेमा मला आधी मुळीच आवडला नाही. मग एक प्रसंग आला. नायिका जिन्यावर उभी असते, नायक खाली अंगणात. घरात पाहुणे आहेत, त्यामुळे दोघांना बोलता येत नाही. ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते आणि तो बघत राहतो. माझ्याकडे असं कोणी कधी बघितलं नव्हतं. वर्गातले पोट्टे बघायचे ते माझ्या गणिताच्या वहीकडे.

हे कोणाला तरी सांगावं म्हणून मी ताईकडे वळले. आम्ही दोघी असंच करायचो, चांगलं काही आलं की आधी एकमेकींकडे बघायचो. पण ताई पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. आईबाबा मध्ये बसले होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

मला इतका जळफळाट झाला की कान तापले. तिचा हेवा वाटला, त्याचाही वाटला. त्या जिन्यावरच्या बाईचासुद्धा वाटला.

पहिली सीडी संपली तेव्हा ताई चहा टाकायला गेली आणि तो बाबांबरोबर गच्चीवर. मी पाकिटातून दुसरी सीडी काढली आणि केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये सरकवली. विचार असा काही केलाच नाही. त्यांना पुढचं बघायला मिळू नये, एवढंच डोक्यात होतं.

मग शोधाशोध झाली. “आणली होती मी, पक्कं आठवते,” तो म्हणाला. सतरंजी झटकून झाली, टीव्हीच्या मागे हात घालून झाला. मीही त्यांच्याबरोबर शोधत होते.

शेवटी आई म्हणाली, “आता काय होते जी पुढं? तुम्हीच सांगा.”

तो सांगायला लागला. मला वाटलं होतं अडखळेल, पण त्यानं सगळं असं सांगितलं की चहा निवून गेला. नायिकेचं लग्न दुसरीकडे ठरतं, नायक मांडवाच्या दारापर्यंत येतो, आणि तिचा बापच त्याचा हात धरून त्याला आत आणतो. आईनं डोळे पुसले. ताई पुन्हा चौकटीला टेकून उभी होती, आणि आता तर तिला लपूनही बघावं लागत नव्हतं. तो बोलत असल्यामुळे सगळेच त्याच्याकडे बघत होते. हे मीच घडवून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी कडी लावून ती सीडी लावली. शेवट निराळाच होता. बाप बाहेर येतच नाही. नायक दारातूनच परत फिरतो आणि वाजंत्री वाजत राहते. मी रडले, आणि रडता रडताच मला आनंद झाला, कारण तो खोटं बोलल्याचं मला सापडलं होतं.

ताई भाजी घेऊन आली तशी मी तिला गाठलं. “तुझा तो खोटं बोलला. त्यांचं लग्न होतच नाही.”

ताईनं पिशवी खाली ठेवली. “मले माहीत आहे. मी मैत्रिणीकडं पाह्यला होता तो.”

“मग बोलली काहून नाही?”

“त्याले तसा सांगावासा वाटला, सांगू दिला.” मग ती माझ्याकडे बघत राहिली. “पण तुले कसं कळलं?”

मी जर्नलमधून सीडी काढून दिली. वाटलं, आता थप्पड बसेल. तिनं ती मलाच परत दिली. “तूच दे त्याले. मी मधात पडत नाही.”

रविवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. तो आला, मोटारसायकल लावत होता तेव्हाच मी खाली जाऊन सीडी त्याच्यासमोर धरली. त्यानं ती शर्टाच्या आत टाकली आणि वर येऊन आईला म्हणाला, “दुसरी सीडी माझ्या खोलीवरच राहिली होती. माझाच वेंधळेपणा.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती त्याच्याकडे बघून हसली. मी तेव्हाही त्याला माफ केलं नाही. त्यानं वाचवलं म्हणून तर मुळीच नाही. उन्हाळ्यात त्यांचं लग्न लागलं, आणि ते दोघं सिलतऱ्याकडे राहायला गेले. पलंग पूर्ण माझा झाला. तरी बरेच दिवस मी भिंतीकडेच सरकून झोपायचे. त्याला जिजाजी म्हणायला मला अजून दोन वर्षं लागली.