खेळाडू कोट्यातला वेल्डर

आमच्या कॅम्पातली बास्केटबॉलची रिंग मी स्वतः वेल्ड केली होती, आणि त्या खेळाशी माझा संबंध तिथेच संपावा अशी माझी मनापासून इच्छा होती. पण कॅम्पात माणसाच्या इच्छेला विचारतो कोण?

सौदीतल्या धाहरानपासून गाडीने तासाभरावर, उघड्या वाळूत आमचा कॅम्प होता. तेलाचे भरभराटीचे दिवस होते. जिकडे बघावं तिकडे पाइपलाइनी पडत होत्या आणि वेल्डरला देवाच्या खालोखाल मान होता. मी मूळचा चिपळूणचा, वेल्डिंगचा फोरमन. सगळे मला मिस्त्री म्हणत. हाताखाली निम्मी माणसं कोकणातली आणि सांगली-कोल्हापूरकडची, निम्मी फिलिपिन्सची. फिलिपिनो मंडळींना भात आणि बास्केटबॉल दोन्ही वेळच्या वेळी लागे. शुक्रवारी आपली माणसं कपडे धुऊन पत्त्यांना बसत, आणि ही मंडळी त्या उन्हात डांबरावर उड्या मारत. मला तो वेडेपणा वाटे. अजूनही वाटतो.

हा वेडेपणा आमच्या मॅनेजरला चिकटला तेव्हा खरी भानगड सुरू झाली. हा गृहस्थ बैरुतचा, तरुणपणी खेळलेला, आता पोट सुटलेला. आजूबाजूच्या कॅम्पांचे सामने ठरले, त्यांची एक समिती झाली, आणि समितीने नियम केला की खेळणारा त्याच कॅम्पातला कामगार हवा आणि इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, जे काम लिहिलंय तेच काम करणारा हवा. नियम चांगला होता. तो मोडायची सुरुवात पलीकडच्या कॅम्पाने केली. मनिलाच्या कुठल्याशा कॉलेजकडून खेळलेला एक ताडमाड गडी त्यांनी स्वयंपाकी म्हणून आणला. त्याने आम्हाला असं धुतलं की मॅनेजर कुणाशी बोलेना. मग बोलला तो थेट मुंबईच्या एजंटशी. वेल्डर पाठवा, त्यातला एक सहा फुटांच्या वर हवा.

वेल्डर निवडताना हातात रॉड धरायचा होल्डर देऊन पाइप जोडायला लावतात. या माणसाची परीक्षा दाराच्या चौकटीला उभं करून झाली. तो आला आणि पहिल्याच दिवशी कॅम्पाने त्याचं नाव लंबू ठेवलं. कोल्हापूरकडचा, हसतमुख, खाटेबाहेर पाय काढून झोपणारा. बास्केटबॉल काय खेळायचा! मलाही ते कळलं, म्हणजे बघा. मॅनेजर टाळ्या वाजवून यल्ला यल्ला, चला चला, ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे कामाला आला. होल्डर त्याने आरतीला निरांजन धरावं तसा धरला आणि तोंडावर काच न घेताच ठिणगी पाडली. संध्याकाळी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होऊन तो खाटेवर तळमळत होता. आमच्या धंद्यात त्यावर एकच घरगुती औषध, कच्च्या बटाट्याच्या चकत्या. मी त्या त्याच्या डोळ्यांवर ठेवल्या आणि विचारलं, "खरं सांग. आयुष्यात कधी एक तरी जोड मारलायस?"

"न्हाई," तो म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच एजंटच्या दारात ताटकळणारे, हाताला चटके बसलेले चांगले वेल्डर मी डोळ्यांनी पाहिले होते. त्यातल्या एकाची जागा या बाबाने उंचीवर खाल्ली होती. मी त्याला ते तोंडावर सांगितलं, आणि सौम्य शब्दांत सांगितलं नाही. त्याने चकत्या डोळ्यांवर नीट दाबून बसवल्या. मग त्याने आपली हकीकत सांगितली. कॉलेजने त्याला टीमसाठी उचललं, तेव्हा त्याला फी नव्हती आणि हजेरीही नव्हती. पेपर कोरे देऊन तो पास व्हायचा. पुढे एका गिरणीने टीमसाठी क्लार्क म्हणून नेलं, तिथे त्याने टाचणीसुद्धा उचलली नाही. गिरणीची टीम मोडली आणि क्लार्कही मोडीत निघाला.

"मिस्त्री, मी कुठंच खरा न्हवतो ओ," तो म्हणाला. "गुडघं गेलं की मला कुत्रं बी विचारनार न्हाई. मला शिकवा."

माणूस रडत होता की बटाट्याचं पाणी होतं ते मला कळलं नाही. पण राग उतरला, एवढं खरं.

शिकवायला घेतला आणि पस्तावलो. आमचा धंदा बुटक्यांचा. पाइपाखाली सरपटत जावं लागतं, अंगाची घडी करावी लागते. लंबूची घडी कुठेच बसेना. गुडघा एकीकडे, डोकं पाइपावर. रॉड चिकटायचा, नाहीतर लोखंडाला भोक पडायचं. सगळी माणसं हसायची आणि त्यांच्याबरोबर तोही हसायचा. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हात थरथरायचा. एकदा वैतागून मी त्याला विचारलं, रिंगसमोर एकटा उभा राहून बॉल टाकतोस तेव्हा कसा नाही थरथरत? तो म्हणाला, तेव्हा मी श्वास सोडतो आणि मग हात हलवतो. मग इथे काय श्वास विकत घ्यावा लागतो का, मी म्हणालो. त्या दिवसापासून त्याचा हात बसायला लागला. मी त्याचं कौतुक केलं नाही. मी कुणाचंच करत नसे.

आमच्याकडे प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो. जोड झाला की बाजूला हातोडीने तो नंबर ठोकायचा, म्हणजे उद्या जोड फुटला तर कुणाचं डोकं फोडायचं ते कळतं. लंबू मधूनमधून विचारायचा, माझा नंबर कधी? मी म्हणायचो, परीक्षा पास हो, मग मिळेल. तोवर भंगारावर मार.

आणि नेमकी तेव्हाच पलीकडच्या कॅम्पाने तक्रार केली. लंबूमुळे आम्ही जिंकायला लागलो होतो, अंतिम सामन्यापर्यंत पोचलो होतो. त्यांचं म्हणणं, हा वेल्डर नाहीच. आमचा मॅनेजर उसळून म्हणाला, मग तुमचा स्वयंपाकी तरी स्वयंपाकी आहे का? समितीने डोकं चालवलं. अंतिम सामन्याआधीच्या शुक्रवारी दोघांनी सगळ्यांसमोर आपापलं काम करून दाखवायचं. वेल्डरने वेल्डिंग, स्वयंपाक्याने स्वयंपाक. जो नापास तो बाद. आमच्यासाठी त्याहून वाईट म्हणजे, नापास वेल्डर जगजाहीर झाला की कंपनी त्याला परत पाठवणार, हे उघड होतं.

मॅनेजर माझ्याकडे आला, पेप्सी घेऊन आला. त्याची योजना साधी होती. माझ्या सगळ्यात चांगल्या वेल्डरने तसाच एक जोड आधीच मारून ठेवायचा आणि लंबूचा तुकडा तपासायला जाताना बदलायचा. कुणाला काय कळणार? मी तोंड उघडणार इतक्यात शेजारी पाइप घासत बसलेला लंबू उभा राहिला.

"सर, कॉलेज में भी ऐसाच हुआ था," तो म्हणाला. "मेरा टुकडा मेराच रहेगा."

मॅनेजर मला म्हणाला, हा गेला तर जबाबदारी तुझी. मी म्हटलं, माझी. पेप्सी प्यायलो आणि बाटली परत दिली.

तो शुक्रवार मला आजही आठवतो आणि हसू येतं. दोन कॅम्पांची माणसं वर्कशॉपभोवती जत्रेसारखी जमली. एका बाजूला तो मनिलाचा गडी मोठ्या पातेल्यात चिकन आणि भात करत होता, दुसऱ्या बाजूला आमचा लंबू गुडघे टेकून तिरक्या पाइपाला भिडला होता. मी लांब उभा राहिलो, कारण जवळ गेलो असतो तर ओरडलो असतो. प्रत्येक रॉड लावायच्या आधी तो श्वास सोडताना दिसत होता.

जोड दिसायला वेडावाकडा झाला. पण आमच्याकडे रूपाला किंमत नाही. जोडाच्या पट्ट्या कापतात आणि यंत्रात घालून इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. चीर पडली की खलास. एकेक पट्टी वाकत गेली, आणि गर्दी अशी गप्प झाली की पातेल्यातलं रटरटणं ऐकू येत होतं. शेवटची पट्टी कंपनीच्या तपासनिसाने उजेडात धरली, अंगठा फिरवला आणि मान हलवली. पास. लंबू जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चिकन खारट होतं, भात कच्चा होता. पण समिती उपाशी होती, तिने स्वयंपाक्यालाही पास केलं.

मी त्याच दिवशी लंबूला नंबर दिला, आणि तिथेच मॅनेजरचं नशीब फिरलं. पुढच्या शुक्रवारी, ऐन सामन्याच्या दिवशी, प्लांट बंद ठेवून आग विझवायच्या पाण्याची लाइन जोडायची निघाली. पास झालेला प्रत्येक वेल्डर हवा होता. मॅनेजर धावत आला. त्याला वगळ, म्हणाला. मी म्हटलं, इकाम्यावर वेल्डर आहे, समितीसमोर वेल्डर ठरलाय, वगळू कसा? पण लंबूला मी बाजूला घेतलं. सामना त्याचाही होता. म्हटलं, तुला जायचं तर जा, तुझा जोड मी मारतो.

त्याने कोर्टाकडे बघितलं. मला वाटलं, जाणार.

"मिस्त्री," तो म्हणाला, "कुनीतरी पहिल्यांदाच मला कामाला बोलावलंय. येतो की."

आम्ही सामना सपाटून हरलो. मनिलाच्या स्वयंपाक्याला अडवायला कुणी नव्हतंच. लंबू तेव्हा खंदकात उकिडवा बसून पाइप जोडत होता. काम संपल्यावर त्याने हातोडी घेतली आणि जोडाशेजारी आपला नंबर ठोकला, जरा जास्तच जोरात. पुढे एक्स-रेमध्ये तो जोड स्वच्छ निघाला, तेव्हा माझ्या तोंडून एकदाचं शाबास निघून गेलं.

जोड मारला त्याच संध्याकाळी त्याने एका फिलिपिनोचा कॅमेरा मागून आणला आणि मला फोटो काढायला लावला. आईला पाठवायचा होता. तिच्याकडे त्याचे फोटो पुष्कळ होते, सगळे हातात बक्षिसाचा कप घेतलेले आणि सगळ्यात इतरांच्या डोक्यावरून त्याचं डोकं वर आलेलं. मी म्हटलं, उभा राहा. तो म्हणाला, नको, आणि जोडाशेजारी उकिडवा बसला, एक हात पाइपावर ठेवून.

त्या फोटोची एक प्रत माझ्याकडे आहे. हल्ली कुणाला दाखवला तर विचारतात, हा कोण? मी सांगतो, माझा वेल्डर. त्यात तो किती उंच आहे ते कळत नाही.