पानाला भोक नको

आयर्लंडची हिरवळ पाहून आमच्या माणसांना वाटतं, हा अख्खा देशच सेंद्रिय असणार. स्लायगोबाहेर कामावर जाताना जी सेंद्रिय शेतं मला रोज दिसतात, त्यांत गवत असतं, गवतावर गुरं नाहीतर मेंढ्या असतात आणि फाटकावर पाटी असते. भाजीचं एक पान दिसेल तर शपथ. सरकार अनुदान देतं, गवताला एरवीही फारशी फवारणी लागत नाही, मग पाटी लावायला कुणाचं काय जातं? त्यातली कितीतरी गुरं शेवटी साध्याच बाजारात, साध्या गुरांबरोबर विकली जातात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ह्या गवताच्या समुद्रात एक बाई खरीखुरी भाजी पिकवायची. साठीची, एकटी, तोंडानं फटकळ. शनिवारच्या बाजारात मी तिच्याकडून वाकडीतिकडी, मातीनं माखलेली गाजरं घ्यायचे. एकदा ती म्हणाली, "गिऱ्हाईक राहिलं नाही. ह्या उन्हाळ्यात जमलं तर ठीक, नाहीतर मीही गवत पेरून मोकळी होते. तुमच्या लोकांना काय आवडतं?"

मी म्हटलं, मेथी. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी केमिकलच्या नावानं शंख चाललेला असतो. ही मंडळी मेथीवर तुटून पडतील, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

तिनं अर्धं पॉलीहाऊस मेथीला दिलं, कडेला कोथिंबीर. पीक हाताशी आल्यावर एका रविवारी मी मंडळाची सहलच तिच्या शेतावर नेली. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी वाफ्याशी उभं राहून कीटकनाशकं आणि कॅन्सर यांवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. बाईला एक शब्द कळत नव्हता, तरी ती कौतुकानं मान हलवत होती. मग बायका मेथीवर वाकल्या.

"अगं, होल्स बघ ना पानांना! सगळी किडलीये."

"हो ना यार. अशी कशी घ्यायची?"

पानं गोगलगायींनी कुरतडली होती. औषध मारायचं नाही म्हटल्यावर आपल्याआधी कुणीतरी चाखणारच, एवढं साधं गणित आहे. पण रोज ग्रुपवर विषमुक्त अन्नाचे धडे देणाऱ्यांना पान मात्र इस्त्री केल्यासारखं हवं होतं. एकीनं तर एक जुडी हातात धरून मला हळूच विचारलं, "कोथिंबीर वर नाही का देणार ती?" पुण्यातल्या मंडईची ही सवय सात समुद्र ओलांडूनही सुटत नाही. "आधी मेथी तरी पिशवीत टाक," मी म्हटलं. "तू पण ना!" म्हणून ती हसली आणि जुडी खाली ठेवली.

शेजारच्या रानातल्या मेंढ्यांबरोबर फोटो मात्र सगळ्यांनी काढले. परतताना झाडून सगळ्या गाड्या एका भारतीय दुकानापाशी थांबल्या. तिथे विमानानं आलेली मेथी होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एकाही पानाला भोक नाही. सेंद्रिय असल्याचा साधा दावाही पाकिटावर नव्हता.

"ही बघ, किती फ्रेश!"

माझं डोकं फिरलं. "किडेसुद्धा जिला तोंड लावत नाहीत, ती मेथी तुम्हाला नॅचरल वाटते?" मी भर दुकानात विचारलं.

"चिल गं. सपोर्ट केला की आपण. फोटो टाकलेत ना सगळ्यांनी!"

बाईनं मेथी नांगरून टाकली. पुढच्या वसंतात पॉलीहाऊस उतरवलं, गवत पेरलं आणि रान शेजाऱ्याच्या मेंढ्यांना दिलं. फाटकावरची पाटी जागच्या जागी राहिली. सरकारच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही; तिचं शेत तेव्हाही सेंद्रिय होतं, आताही आहे.

परवा ती मला सुपरमार्केटमध्ये भेटली. आयुष्यभर गाजरं पिकवलेली ती बाई गाजरांच्या फळीसमोर उभी होती. सेंद्रिय गाजरांचं एक पाकीट तिनं उचललं, उलटं करून कुठल्या देशातून आलंय ते वाचलं आणि ट्रॉलीत ठेवलं. मग मी दिसल्यावर म्हणाली, "ग्रँड आहेत गं ही. अगदी सरळ." मला तिच्या तोंडाकडे बघवेना.